नोंद कुणासाठी?

डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात वाचणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर वर्षभराच्या याद्या येऊ लागतात. कुणाची पन्नास पुस्तके झालेली असतात, कुणी चोविसांचा संकल्प सोडून सतरावर थांबलेले असते, आणि लगोलग पुढच्या वर्षाचा आकडाही ठरतो. ‘गुडरीड्स’ या संकेतस्थळाने २०११ मध्ये ही वार्षिक आव्हानाची पद्धत सुरू केली. वर्षारंभी आपला आकडा टाकायचा, पुस्तक संपले की नोंदवायचे. मग एक पट्टी पुढे सरकते आणि ठरलेल्या गतीच्या आपण किती पुढे आहोत की मागे, हेही सांगते. मराठी वाचकांतही ही सवय आता रुजली आहे.

शासनही वाचन मोजू लागले आहे. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन २०१५ पासून पाळला जातो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने १ जानेवारी २०२२ रोजी शंभर दिवसांचे वाचन अभियान सुरू केले. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने ‘महावाचन उत्सव’ आणला, त्यात मुलांनी वाचलेल्या पुस्तकावर लिहायचे आणि ते संकेतस्थळावर चढवायचे. उच्च व तंत्रशिक्षण विभागाने १ ते १५ जानेवारी २०२५ या पंधरवड्यात महाविद्यालयांसाठी ‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’ राबवला. तेव्हा प्रश्न आता घरातल्या हौसेपुरता उरलेला नाही. आपल्या मावळ तालुक्यातल्या शाळांनी, गावोगावच्या वाचनालयांनी आणि घरांनी वर्षाचे उद्दिष्ट धरून वाचावे का? आणि धरलेच, तर मोजायचे काय?

मोजण्याच्या बाजूने जे बोलले जाते ते आम्हाला हलके वाटत नाही. वाचनाची सवय सुटलेल्या माणसाला ‘आवड असेल तर वेळ मिळतो’ असे सांगून काहीच साधत नाही. आवड होती म्हणून तर सुटल्याची खंत आहे. तळेगावहून किंवा कामशेतहून रोज शिवाजीनगरला जाणाऱ्या नोकरदाराचा जाता-येता मिळून दोन तासांच्या आसपास वेळ लोकलमध्ये जातो. त्या वेळेवर मोबाइलने केव्हाच हक्क सांगितला आहे. ‘महिन्याला एक पुस्तक’ एवढा साधा संकल्प केला तरी पिशवीत पुस्तक पडते, आणि पिशवीत पुस्तक असले की कामशेत ते घोरावाडी या टप्प्यात दहा पाने होऊन जातात. आकडा इथे कामाला येतो. माणूस स्वतःशी केलेला करार पाळू बघतो, आणि करार मोघम असला तर तो पाळला की मोडला हेच कळत नाही.

वाचन मोजणे ही परकी रीत आहे, असेही कुणी म्हणू नये. मावळात आजही गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह बसतो. सकाळचा काकडा झाला की पारायणाला वाचक बसतात, व्यासपीठचालक ओवी सांगत जातात आणि समोर पाटावर ज्ञानेश्वरी ठेवून बायका-पुरुष एका सुरात वाचतात. इंदोरीजवळच्या भंडारा डोंगरावर माघ शुद्ध दशमीच्या सोहळ्यात गाथा पारायण होते. ‘यंदा पारायणाला किती वाचक बसले’ हा प्रश्न सप्ताहानंतर गावात हमखास विचारला जातो. म्हणजे संकल्प आहे, मुदत आहे, समाप्ती आहे आणि मोजदादही आहे. कधीकाळी शाळेत चारच इयत्ता शिकलेली बाई वर्षातून एकदा नऊ हजारांच्या आसपास ओव्या उच्चारून वाचते, ही मराठी वाचनाच्या इतिहासातली लहान गोष्ट नव्हे. मुदत नसती तर तिला घरातल्या कामातून हे सात दिवस कुणी दिले असते का, याची आम्हाला शंका आहे.

या परंपरेतले एक बारीक कसब मात्र आजच्या वार्षिक आव्हानात दिसत नाही, म्हणून त्यावर थोडे थांबतो. गुरुचरित्राचे सात दिवसांचे पारायण ज्या घरांत होते तिथे रोजचा वाटा ठरलेला असतो. पहिल्या दिवशी नवव्या अध्यायापर्यंत, दुसऱ्या दिवशी एकविसाव्यापर्यंत, तिसऱ्या दिवशी एकोणतिसाव्यापर्यंत, चौथ्या दिवशी पस्तिसाव्यापर्यंत, पाचव्या दिवशी अडतिसाव्यापर्यंत, सहाव्या दिवशी त्रेचाळिसाव्यापर्यंत आणि सातव्या दिवशी शेवटपर्यंत. दुसऱ्या दिवशी बारा अध्याय आणि पाचव्या दिवशी अवघे तीन! कारण त्या तिनांत आचारधर्माचा तो लांबलचक छत्तिसावा अध्याय आहे. ज्याने हे वाटे पाडले त्याने अध्यायांची संख्या सातने भागली नाही. वाचणाऱ्याचा घसा, बैठक आणि त्या दिवशीच्या मजकुराचे वजन त्याने लक्षात घेतले. ज्ञानेश्वरीतही बारावा अध्याय अडीचशे ओव्यांच्या आत संपतो आणि अठरावा अठराशेंच्या वर जातो. ‘रोज अमुक अध्याय’ असा सरळ भागाकार तिथे चालतच नाही. रामदासांच्या दासबोधाचे वीस दशक आणि दोनशे समास आहेत, आणि रोज एक समास हा अनेक घरांतला नेम. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ रात्रींमध्ये मांडली आणि ती बेचाळिसाव्या रात्रीला संपते. रोज एका रात्रीचे एक प्रकरण, असे ती कित्येक घरांत वाचली गेली आहे. वाचनाला माप लावण्याची समज आपल्याकडे होती, आणि ते माप पुस्तक पाहून बदलत होते.

वार्षिक आव्हानाचे माप बदलत नाही. त्याच्या लेखी एक म्हणजे एक. गो. नी. दांडेकर तळेगाव दाभाड्यात राहिले. याच परिसरातल्या डोंगरांतून त्यांनी ‘पवनाकाठचा धोंडी’ आणि ‘माचीवरला बुधा’ या कादंबऱ्या उभ्या केल्या. ‘माचीवरला बुधा’ लहानशी आहे, दोन बैठकांत होते. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ला महिना लागू शकतो. पट्टीवर दोन्हींची सरकण सारखीच. मग ऑक्टोबरमध्ये मागे पडलेला वाचक काय करतो? हात आपोआप बारीक कण्याच्या पुस्तकांकडे जातो. ‘बुधा’ वाचून लोणावळ्याहून राजमाचीची वाट धरावी, माचीवर दिवस काढावा, परत येऊन तीच कादंबरी पुन्हा उघडावी आणि पहिल्या वेळी नुसते वर्णन वाटलेले रान आता नावानिशी ओळखू यावे, असे वाचन आकड्याच्या घाईत आधी कापले जाते. पारायण करणारा तोच ग्रंथ दरवर्षी वाचतो आणि त्याला कुणी मागे पडला म्हणत नाही.

मुलांचा विचार करताना मात्र आम्हाला दोन्ही पारडी हातात घेऊन बराच वेळ उभे राहावे लागले, कारण पुरावे दोन्हीकडे आहेत.

१९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या बालवाडीत केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. चित्रे काढायची मुळात आवड असलेली मुले त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितले, चित्र काढलेत तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना काहीच सांगितले नाही. पुढे आठवड्या-दोन आठवड्यांनी चित्रांचे पेन पुन्हा समोर ठेवले, तेव्हा बक्षिसाचे आश्वासन मिळालेली मुले चित्रांकडे कमी वळली. जे ती आपणहून करत होती ते आता कशासाठी तरी करायचे काम झाले होते. वाचनस्पर्धांना विरोध करणारे शिक्षक हाच दाखला देतात, आणि तो खरा आहे.

पण दुसरा दाखलाही तितकाच खरा आहे. अर्थशास्त्रज्ञ रोलंड फ्रायर यांनी २००७-०८ च्या सुमारास अमेरिकेतल्या काही शहरांत गरीब वस्त्यांतल्या शाळांमध्ये मुलांना पैसे देऊन पाहिले. न्यू यॉर्कमध्ये परीक्षेतल्या गुणांसाठी पैसे दिले, फरक पडला नाही. डॅलसमध्ये दुसरीतल्या मुलांना प्रत्येक पुस्तकामागे दोन डॉलर दिले, पुस्तक वाचल्यावर संगणकावर सोपे प्रश्न सोडवायचे एवढीच अट. तिथे इंग्रजीतून परीक्षा देणाऱ्या मुलांची वाचनाची समज चांगलीच वाढली. स्पॅनिशमधून परीक्षा देणाऱ्या मुलांना मात्र तो लाभ झाला नाही.

हे दोन निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत, असे आमचे मत आहे. बालवाडीतली मुले आवड असलेली होती, आणि बक्षिसाने त्यांची आवड उणावली. डॅलसमधल्या बहुतेक मुलांच्या घरी पुस्तकेच तुरळक असावीत. त्यांना उंबरठा ओलांडायला कुणीतरी हात धरण्याची गरज होती आणि बक्षिसाने तो धरला. वर्गात ही दोन्ही मुले शेजारी-शेजारी बसतात. शाळा जेव्हा सगळ्यांना मिळून ‘वर्षात पंचवीस पुस्तके’ असे सांगते, तेव्हा ती एकाला आधार देते आणि त्याच हाताने दुसऱ्याचे काहीतरी काढून घेते. आव्हान चांगले की वाईट हा प्रश्न म्हणूनच अर्धा आहे. कुणासाठी आणि किती दिवस, हे सोबत विचारल्याशिवाय त्याचे उत्तर निघत नाही.

स्पॅनिशमधून परीक्षा देणाऱ्या मुलांची गोष्ट मावळाला अधिकच लागू आहे. इथल्या ठाकर आणि कातकरी वाड्यांमधून शाळेत येणारे मूल घरी जी बोली ऐकते ती पाठ्यपुस्तकातली मराठी नसते. तळेगाव-लोणावळ्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत उलट प्रकार आहे. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, आणि वाचनासाठी सवयीची कुठलीच नाही. अशा मुलाच्या हातात त्याच्या जिभेवरची भाषा असलेले पुस्तक आधी पडले पाहिजे. ते न करता त्याच्यापुढे पट्टी धरली, तर तो पट्टीला फसवायला शिकेल. सारांश आई-बाबा सांगतील, मूल लिहील, बाई तो चढवतील आणि आकडा वर जाईल. यात कुणाचीच नियत खोटी नसेल. वरून मागणी आकड्याची आली की खालून आकडाच पुरवला जातो.

लोणावळ्यात पावसाळाभर रोज सकाळी गेल्या चोवीस तासांचा पाऊस मिलिमीटरमध्ये सांगतात, १ जूनपासूनची बेरीज सांगतात आणि शेजारी गेल्या वर्षीची त्याच तारखेची बेरीजही देतात. एखाद्या वर्षी दोन दिवसांत ढगफुटीसारखा कोसळून बेरीज गेल्या वर्षाच्या पुढे जाते. ते पाणी घाटातून आणि ओढ्यांतून उतरून गेलेले असते, आणि इकडे पवन मावळातला शेतकरी लावणीसाठी संततधारेची वाट पाहत बसलेला असतो. त्याला बेरीज खोटी वाटत नाही, पण खाचरात पाणी ठरले की नाही हे तिच्यातून त्याला कळत नाही. वर्षअखेरीच्या पुस्तकांच्या आकड्याची गत हीच आहे.

आणि वर्ष तरी सगळ्यांचे सारखे कुठे असते? बावन्न आठवडे, बावन्न पुस्तके हा हिशेब सगळे आठवडे सारखे आहेत असे धरून चालतो. मावळात ते तसे नाहीत. जुलैत लावणीच्या दिवसांत शेतकरी घरातले थोरले मूलही चिखलात असते. लोणावळ्यात हॉटेल, चिक्कीचे दुकान, टॅक्सी यांवर पोट असलेल्या घराचे पावसाळ्यातले शनिवार-रविवार सगळ्यांत धावपळीचे. याउलट नोकरदाराला आणि शाळकरी मुलाला घराबाहेर पडता येत नाही असे दिवसच्या दिवस जून ते सप्टेंबरात मिळतात. शासनाचे वाचनाचे कार्यक्रम पाहिले तर १५ ऑक्टोबर, जानेवारीतला पंधरवडा, मराठी भाषा पंधरवडा, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन, सगळे कोरड्या महिन्यांत. पावसाच्या चार महिन्यांत, जेव्हा इथे पुस्तकाला खरा अवसर असतो, तेव्हा यांतला एकही कार्यक्रम नाही.

पुस्तक हाताशी असण्याचा प्रश्न तर सगळ्यांच्या आधीचा. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, असे दोन नियम जोडीने येतात. महाराष्ट्राने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, आणि गावोगावची वाचनालये अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान घेत आली. वर्ग ठरताना ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, नियतकालिके असे मोजता येणारे पाहिले जाते. ते पाहायलाच हवे, नाहीतर अनुदान कशावर द्यायचे? पण पुस्तकाच्या शेवटच्या पानाला चिकटवलेली तारखेची चिठ्ठी कुणी पाहत नाही. एखाद्या जुन्या वाचनालयातले झिजलेले पुस्तक उघडून ती चिठ्ठी पाहावी. परतीच्या तारखांचे जांभळे शिक्के एकाखाली एक, काही तिरके, काही अर्धेच उमटलेले, एक चिठ्ठी भरली म्हणून तिच्यावर दुसरी चिकटवलेली. शेजारच्या पुस्तकाची चिठ्ठी कोरी. या वाचनालयाने कोणते पुस्तक घ्यायला हवे होते आणि कोणते नको, याचा निर्णय त्या दोन चिठ्ठ्यांत लिहिलेला असतो. संगणकीकरण झाल्यावर ही माहिती सहज काढता येते, पण मागणारा हवा. वाचकाच्या प्रगतीपेक्षा आधी संग्रहाची प्रगती मोजा, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

मोठ्या वाचणाऱ्यांनी नोंदी ठेवल्या आहेत, हेही विसरता येत नाही. चार्ल्स डार्विनने १८३८ पासून वाचलेल्या आणि वाचायच्या पुस्तकांच्या वह्या वीसहून अधिक वर्षे ठेवल्या. महात्मा गांधींनी १९२२ ते १९२४ या काळात येरवड्याच्या तुरुंगात वाचलेल्या ग्रंथांची नोंद ठेवली, आणि पुढे तुरुंगातल्या अनुभवांविषयी लिहिताना त्या वाचनाविषयीही लिहिले. या नोंदी पुढे अभ्यासकांना उपयोगी पडल्या, पण ठेवताना त्या कुणाला दाखवायच्या नव्हत्या. काय वाचले, काय वाचायचे राहिले आणि मनात काय उरले, हे ज्याचे त्याला कळावे म्हणून त्या होत्या.

तेव्हा आमचा कौल असा. प्रौढ वाचकाने, विशेषतः सवय सुटलेल्याने, वर्षाचा संकल्प जरूर करावा आणि तो जाहीरही करावा, चारचौघांत बोललेले पाळले जाते. मात्र आकडा पुस्तकांचा न धरता वेळेचा किंवा दिवसांचा धरावा. रोजची वीस मिनिटे धरली तर जाड पुस्तकाची भीती राहत नाही आणि अर्धवट सोडलेले पुस्तकही वाया जात नाही. ‘स्टोरीग्राफ’सारख्या नव्या अ‍ॅपांत पानांचे आणि तासांचे उद्दिष्ट ठेवण्याची सोय आहे. साधी वहीही पुरते. संकल्पाचे वाटे गुरुचरित्रासारखे असमान पाडावेत, लावणीच्या किंवा हंगामाच्या महिन्यात कमी, मोकळ्या महिन्यात जास्त. आणि दोन-तीन वर्षांत सवय अंगवळणी पडली की आकडा सोडून द्यायला हरकत नसावी.

शाळांनी मात्र मुलांसाठी पुस्तकसंख्येचे उद्दिष्ट, क्रमांक आणि फलक ठेवू नयेत, असे आम्हाला ठाम वाटते. यात एक तोटा आहे, तो मान्य करतो. फलक पाहूनच पहिले पुस्तक उचलणारे एखादे मूल हुकेल. त्या मुलासाठी शिक्षकांनी वेगळा, छोटा आणि दोघांतच राहणारा नेम ठरवून द्यावा, महिनाभर त्याच्यासोबत पाळावा आणि मग सोडवावा. बाकी वर्गासाठी जून उजाडताच वेळापत्रकात आठवड्याचे दोन तास अवांतर वाचनाला द्यावेत, आणि ते गणिताच्या बाईंनी मागितले तरी देऊ नयेत. शासनाला मोहिमेचा अहवाल लागतोच. तो शाळेने किती तास दिले, किती पुस्तके मुलांच्या हातांत फिरली आणि कोणती भाषा-बोली त्यांत होती, एवढ्यावर मागावा. मुलाने काय वाचले याची वही मुलाच्या दप्तरात राहू द्यावी.

त्या वहीला पाच रकाने पुरतील. तारीख, पुस्तकाचे नाव, कुठल्या पानापर्यंत आलो, कुणी दिले, वाचून कुणाला दिले. पुस्तक मध्येच सोडले तर त्या ओळीवर कारण लिहायचे, आणि मुलाने ‘कंटाळा आला’ एवढेच लिहिले तरी बाईंनी त्यापुढे सही करून त्याला दुसरे पुस्तक काढून द्यायचे.